ज्याच्या नावाने आपण पंपावर डिझेल भरतो, तो माणूस एका रात्री बोटीवरून गायब झाला होता

डिझेल गाडीची टायमिंग चेन बदलायला टाकली की चांगला मेकॅनिक एक गोष्ट पुन्हा पुन्हा बघतो. क्रँक आणि कॅमचे मार्क जुळलेत का?

कारण चेनने दात सोडले, की वर येणारा पिस्टन उघड्या वॉल्व्हवर आदळतो. वॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं आणि बिल बघून मालक खाली बसतो.

आता डिझेल गाडीत ही भीती एवढी का? तर या इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवाच इतकी दाबतात की ती प्रचंड तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. एवढा दाब हवा तर पिस्टन वर आल्यावर जागा जवळपास उरतच नाही.

ही आयडिया ज्याची होती, त्याचं आडनावच डिझेल. रुडॉल्फ डिझेल.

जन्म 18 मार्च 1858 चा, पॅरिसमधला. आईवडील मूळचे जर्मन. 1870 ला फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. 12 वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाईकांकडे शिकायला पाठवलं.

पुढे म्युनिकला प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे यांच्या हाताखाली तो शिकला. तिथे एक गोष्ट त्याच्या डोक्यात बसली. वाफेचं इंजिन कोळशातली 90 टक्के ताकद वाया घालवतं.

यावर उपाय शोधायचाच, असं त्याने ठरवलं. 1892 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1893 मध्ये ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. इंजिनावर लावलेलं दाब मोजायचं यंत्रच फुटून उडालं. डिझेल थोडक्यात बचावला, पण हवा दाबून इंधन पेटतं हे सिद्ध झालं.

त्यानंतर चार वर्षं नुसती खटपट. अखेर 1897 च्या चाचणीत इंजिनाने इंधनातली 26 टक्के ताकद कामाला लावली. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त.

डिझेल श्रीमंत झाला. देशोदेशीचे हक्क विकले गेले. पण सुरुवातीची इंजिनं ग्राहकांकडे बंद पडायला लागली, पेटंटवरून भांडणं झाली, तब्येत ढासळली. त्यात गुंतवणुकीत पैसा बुडाला. बाहेर थाट तसाच होता, आत मात्र कर्ज वाढत होतं.

29 सप्टेंबर 1913. अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेसडेन बोटीवर त्याने सोबत्यांबरोबर जेवण केलं. सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून तो केबिनकडे गेला.

सकाळी केबिन रिकामी. डेकवर कठड्यापाशी फक्त टोपी आणि कोट.

दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. त्या वस्तू मुलाने ओळखल्या. ती आत्महत्या होती, अपघात की घातपात, यावर आजही वाद चालतो. घरी बँकेची खाती मात्र रिकामी निघाली.

1936 मध्ये मर्सिडीजने 260 डी ही डिझेल कार बाजारात आणली, तेव्हा त्याला जाऊन 23 वर्षं झाली होती.

आज चेन लावताना मेकॅनिक जे मार्क जुळवतो, ते त्यानेच मागितलेल्या त्या दाबासाठी.