प्लेगची लस शोधणारे हाफकिन

मागे आमच्या शाळेत धनुर्वाताची लस टोचायला सिस्टर आल्या होत्या. सुईला भिऊन मी शाळेमागच्या कडुनिंबाआड लपलो. गुरुजींनी मला शोधून काढले. पण ते रागावले नाहीत. त्यांनी मला हाफकिन यांची माहिती सांगितली. तीच मी इथे लिहीत आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात झाला. हे शहर आता युक्रेन देशात आहे. पुढे ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तिथे त्यांनी पटकीची लस तयार केली. १८९३ साली ते आपल्या देशात आले व हजारो लोकांना ती लस टोचली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे पटापटा मरू लागली. लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले. आपल्या वर्गात ज्यांचा फोटो आहे त्या सावित्रीबाई फुलेसुद्धा पुण्यात रोग्यांची सेवा करताना १८९७ साली प्लेगनेच वारल्या.

हाफकिन यांनी मुंबईत लस करायला घेतली. मांसाच्या रश्शात तुपाचे थेंब टाकून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले. मग ते तापवून मारले. मेलेले जंतू रोग देत नाहीत, पण आपले शरीर त्यांना ओळखून लढायला शिकते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला, पण ते बरे झाले. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी घेतली. पुढे लाखो लोकांनी घेतली.

१९०२ साली पंजाबातल्या एका गावात लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. सगळा दोष हाफकिन यांच्यावर आला. त्यांचे काम गेले. नंतर कळले, की उघडताना एकच बाटली खराब झाली होती. १९०७ साली ते निर्दोष ठरले. एवढे होऊनसुद्धा ते परत आपल्या देशात कामाला आले. १९२५ साली मुंबईत परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले. १९३० साली ते वारले.

ज्या धनुर्वाताने ती माणसे मेली, त्याचीच लस मला टोचायची होती. मी गप हात पुढे केला. दुखलं, पण थोडंच.

माझ्या धाकट्या बहिणीची एक लस राहिली आहे, कारण आमची आजी भिते. आज आजी शाळेत येणार आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून हे मीच तिला वाचून दाखवणार आहे.

— इयत्ता चौथी