शाळा सुटलेला मुलगा : पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

गांधर्वच्या परीक्षेला कोणीच बसले नाही, असे घर आपल्या मंडळात क्वचितच सापडेल. ही वाट ज्यांच्यामुळे घराघरांत पोचली, त्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची स्वतःची शाळा मात्र अर्ध्यावर सुटली होती.

जन्म १८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाड. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका चेहऱ्यावर उडाला. उपचार झाले, पण दृष्टी कायमची अधू राहिली आणि पुस्तकावर चालणारे शिक्षण तिथेच खुंटले. त्या काळच्या शाळेत अशा मुलासाठी वेगळी सोय कुठली असणार!

मिरजेने मात्र त्यांना सांभाळले. श्रीमंत बाळासाहेब पटवर्धनांचा आश्रय मिळाला, आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ग्वाल्हेर गायकीची तालीम सुरू झाली. बुवांची शिस्त कडक. अधू डोळ्यांचा म्हणून या शिष्याला सूट नव्हती. पण विद्या सगळी कानाची, त्यामुळे डोळ्यांवाचून काही अडलेही नाही. आम्हांला वाटते, कीव करणारे त्यांना कुठेही भेटले असते. जमेल अशी रीत मिरजेत भेटली.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले, तेही राजाश्रयावर नव्हे, लोकांच्या मदतीवर. कानाने शिकलेल्या या माणसाने गाणे स्वरलिपीत बांधले, क्रमिक पुस्तके काढली, अभ्यासक्रम आखला. निवडक शिष्यांच्या राहण्याजेवणाचा भारही विद्यालयानेच उचलला. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. पुढे कर्जापायी तिथली इमारत गेली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांचेच शिष्य. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेतच त्यांनी देह ठेवला. परीक्षा घेणारे गांधर्व महाविद्यालय मंडळ शिष्यांनी त्यानंतर उभे केले.

आपल्या जोयडा तालुक्यात, दिग्गीसारख्या रानातल्या गावांतही, नजर अधू असलेली किंवा अक्षरांशी झगडणारी मुले असतात. हायस्कूलपर्यंत पोचतानाच ती थकतात आणि मग नापासांत मोजली जातात. दहावीच्या परीक्षेत आता अशा मुलांना लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो. त्यासाठी वैद्यकीय दाखला लागतो, अर्ज शाळेमार्फत जातो. नववीतच मुख्याध्यापकांना भेटलेले बरे. सोबत कोणी हवे असेल, तर आम्ही मंडळी येऊ.