कै. रमाबाई रानडे यांचा संसार

आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरी २५ जानेवारी १८६२ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. १८७३ साली महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाला, त्या वेळी वधू ११ वर्षांची व निरक्षर, तर वर ३१ वर्षांचे व विधुर होते. विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने वडिलांच्या आग्रहाखातर कुमारिकेचे पाणिग्रहण केले, म्हणून पुष्कळ टीका झाली. ती अनाठायी होती असे म्हणवत नाही.

परंतु माधवरावांनी पत्नीस स्वतः शिकविण्यास आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ते रुचेना. दिवसा टोमणे आणि रात्री पाठ, असा क्रम चालला. बाईंनी वडिलांची मर्यादा सांभाळली, पण पाठ सोडला नाही. १८७९ साली माधवरावांची बदली धुळ्यास झाली. आपल्या डिंडोलीत खानदेशातून आलेली घरे पुष्कळ, म्हणून हा उल्लेख मुद्दाम केला.

उभयतांत मतभेद झालेच नाहीत असे नव्हे. पुण्याच्या पंचहौद मिशनमधील १८९० च्या चहापानावरून ग्रामण्य माजले. १८९२ साली माधवरावांनी केवळ स्नेह्यांची अडचण जाणून प्रायश्चित्त घेतले. बाईंना ते पटले नाही, फार वाईट वाटले. तो विषाद त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत झाकून ठेवला नाही, आणि त्याने पतीविषयीचा आदरही उणावला नाही.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव निवर्तले. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, व १९२४ साली देहावसान होईपर्यंत बाई तेथे इतर स्त्रियांच्या शिक्षणासाठी झटत राहिल्या.