तंबाखूच्या चंचीचा तपास करणारे डॉक्टर खानोलकर

पनवेलजवळील करंजाडे येथील आमच्या लहानशा मंडळीत एका वृद्ध बंधूंच्या गालाच्या आत एक चट्टा उठला. प्रथम त्यांनी तो दात लागून झाला असे म्हणून सोडून दिला, पुढे उष्णता झाली असे समजून गुलकंद खाल्ला, आणि अखेरीस घास गिळवेना तेव्हाही ते गप्प राहिले. हा आपल्या एखाद्या जुन्या पापाचा दंड आहे व तो चारचौघांत कळला तर अब्रू जाईल, असे त्यांच्या मनाने घेतले होते. आम्ही दर आठवड्यास त्यांच्या ओटीवर बसून प्रार्थना करीत असू, आणि ते चंचीतून तंबाखू काढून चुन्याबरोबर तळहातावर मळीत असत तेही पाहत असू. आम्ही त्यांना एका शब्दानेही हटकले नाही. हे लिहिताना आम्हांस स्वतःची लाज वाटते.

पुढे त्यांस घेऊन आम्ही खारघर येथील टाटा स्मारक संस्थेच्या कर्करोग केंद्रात गेलो. त्या विस्तीर्ण आवारातील एका इमारतीस 'खानोलकर शोधिका' असे नाव आहे. ज्यांचे हे नाव ते गृहस्थ कोण होते, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. आणि आमच्या त्या बंधूंच्या चंचीशी त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा किती जवळचा संबंध होता, हे तर आम्हांसही ठाऊक नव्हते. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म 13 एप्रिल 1895 रोजी गोमंतकाशी नाते असलेल्या एका घराण्यात झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीत राँटगेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला, आणि 1898 साली पॅरिस येथे क्युरी पतिपत्नींनी रेडियम शोधून काढले. कर्करोग हा काही तेव्हाचा नवा रोग नव्हे. प्राचीन ग्रीक वैद्यांनी त्यास खेकड्यावरून नाव दिले होते, व आपल्याकडील सुश्रुताच्या ग्रंथात अर्बुद या नावाने गाठींचे वर्णन आहे. परंतु गाठ शस्त्राने कापून काढण्यावाचून तिच्यावर खरा उपाय फारसा नव्हता. किरणांच्या व रेडियमच्या शोधानंतर दुसरा उपाय हाती आला, आणि 1940 नंतरच्या दशकात औषधांचा तिसरा. खानोलकरांचे आयुष्य ह्या तिन्ही उपायांच्या वाढीबरोबर चालले. मात्र त्यांचे स्वतःचे लक्ष उपायापेक्षा कारणाकडे अधिक होते.

ते लंडन येथे शिकले व 1923 साली तेथील विद्यापीठाची एम. डी. ही पदवी त्यांनी विकृतिशास्त्रात मिळविली. हे शास्त्र म्हणजे रोगाने बिघडलेल्या मांसाचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवून, हा कोणता रोग व तो कोठून निघाला, हे ओळखण्याची विद्या होय. असा वैद्य रोग्याच्या खाटेजवळ क्वचितच दिसतो, पण त्याच्या निवाड्यावाचून शस्त्रवैद्याचा हात चालत नाही. स्वदेशी परत आल्यावर खानोलकरांनी मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात हीच विद्या शिकविली, आणि तिच्यात अनेक तरुण तयार केले.

इतक्यात परळ येथे एक मोठे कार्य उभे राहत होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने विलायतेत मरण पावल्या, आणि पुढच्याच वर्षी सर दोराबजीही निवर्तले. त्यांच्या न्यासाच्या द्रव्यातून बांधलेले टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुखपद खानोलकरांकडे आले.

त्या काळी पुष्कळ वैद्यांची अशी समजूत होती की, कर्करोग हा श्रीमंत पाश्चात्य देशांचा रोग असून हिंदी लोकांस तो क्वचितच होतो. खानोलकरांनी रुग्णालयातील नोंदी तपासून दाखविले की, रोग येथेही पुष्कळ आहे. फक्त तो निराळ्या ठिकाणी बसतो. पाश्चात्य देशांत जो पोटात किंवा आतड्यांत अधिक दिसे, तो येथे तोंडात व घशात दिसत होता. मग त्यांनी रोग्यांना एक साधा प्रश्न विचारण्यास आरंभ केला: तुम्ही काय खाता, काय ओढता, काय नेसता?

ह्या प्रश्नाचे फळ 1945 साली प्रसिद्ध झाले. सूर्याबाई नावाच्या सहकारी विदुषींसह लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी हिंदुस्थानातील तीन नवे प्रकार जगापुढे मांडले. पहिला, आंध्रकिनाऱ्यावरील ज्या स्त्रिया चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून धूर ओढतात, त्यांच्या टाळूस होणारा. दुसरा, बिहारकडील जे लोक तंबाखू व चुना मळून खालच्या ओठाआड धरून ठेवतात, त्यांना नेमका त्याच जागी होणारा. तिसरा, धोतर वर्षानुवर्षे कमरेस करकचून बांधल्याने त्या काचाच्या जागी होणारा. ह्या तिन्ही प्रकारांत रोगाने जागा स्वतः निवडलेली नव्हती. माणसाच्या सवयीने ती त्यास दाखवून दिली होती.

ह्या वाटेने त्यांच्यापूर्वीही काही माणसे गेली होती. 1775 साली लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या पोरांना काजळीमुळे कर्करोग होतो असे दाखविले. काश्मिरात मिशन रुग्णालयाच्या नीव्ह बंधूंनी, पोटाशी निखाऱ्याची कांगडी धरणाऱ्यांच्या कातडीवर हा रोग उठतो असे लिहिले. त्रावणकोरातील नेय्यूर येथील मिशन रुग्णालयाचे डॉक्टर ऑर यांनी 1933 साली विडा-तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडातील कर्करोगाचे वर्णन केले. गरिबांचे तोंड उघडून पाहण्याचे काम मिशनच्या वैद्यांनी केले होते, ही गोष्ट आमच्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

1955 साली खानोलकरांनी संघवी व राव ह्या सहकाऱ्यांसह, रोगी व निरोगी माणसांच्या सवयी शेजारी ठेवून पाहिल्या. तंबाखू चघळणाऱ्यांस तोंडाचा, तर बिडी ओढणाऱ्यांस विशेषेकरून जिभेच्या मुळाचा व घशाचा रोग होतो, असे त्यात दिसून आले. आज आपणांस ठाऊक आहे की, तंबाखूत अशी विषे आहेत जी पेशींची वाढ बिघडवितात, चुना तोंडाचे कोवळे अस्तर जाळून त्या विषांस वाट करून देतो, आणि सुपारी ही तंबाखूवाचूनही घातक आहे. आपल्या बायका दातांस मिश्री लावतात, तीही जाळलेली तंबाखूच होय.

स्त्रियांच्या रोगाविषयीही त्यांनी असाच शोध केला. मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा अधिक, असे त्यांस आढळले. ह्यात लग्नाचे वय, बाळंतपणे व राहणी यांचा संबंध असावा असा विचार त्यांनी मांडला. गर्भाशयाच्या मुखाच्या रोगास बहुतेक वेळा एक विषाणू कारण होतो व त्यावर लस आहे, हे पुष्कळ वर्षांनी सिद्ध झाले.

1952 साली परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे यांच्यासारख्या स्त्रिया शास्त्रज्ञ म्हणून पुढे आल्या. हेच केंद्र 1966 साली रुग्णालयाशी जोडले गेले, व त्याचीच शाखा आज खारघर येथे आहे.

ज्यांनी कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत सेवा केली आहे, त्यांस खानोलकरांचे दुसरे काम अधिक जवळचे वाटेल. कुष्ठरोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांचे तुकडे तपासून त्यांनी दाखविले की, ह्या रोगाचा जंतू फार लवकर कातडीतील बारीक ज्ञानतंतूंचा आश्रय घेतो. 1958 साली त्यांनी व सहकाऱ्यांनी रोग्याच्या गाठीतून एक जंतू प्रयोगशाळेत वाढविला, व त्यापासून पुढे लस करण्याचे प्रयत्न झाले. ज्या दोन रोगांस लोक देवाचा कोप म्हणून लपवीत, तेच दोन रोग त्यांनी उजेडात धरले.

त्यांस मान पुष्कळ मिळाला. ते जागतिक कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू व राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले, आणि सरकारने त्यांस पद्मभूषण दिले. 29 ऑक्टोबर 1978 रोजी, वयाच्या 83 व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

प्रिय वाचकहो, ह्या चरित्रातून आम्ही एक गोष्ट शिकलो. आमच्या बंधूंच्या गालावरचा व्रण कोण्या गुप्त पापाची शिक्षा नव्हता. ज्या बाजूस ते चाळीस वर्षे तंबाखूची चिमूट धरीत आले, त्याच बाजूस तो उठला होता. जे हाताने तोंडात ठेवले ते हातानेच दूर करता येते. आणि जे लवकर दाखविले ते पुष्कळदा बरे होते. आमच्या बंधूंनी पाच महिने लपविले, त्यामुळे त्यांस जबड्याचा काही भाग गमवावा लागला. ते आज जिवंत आहेत, पेज पितात, व दर रविवारी शेवटच्या बाकावर येऊन बसतात.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. घरोघर जाल तेव्हा तोंडातील पांढरा अथवा तांबडा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पूर्वीइतके न उघडणारे तोंड, स्तनातील गाठ, अवेळी होणारा रक्तस्राव, ह्यांविषयी न लाजता विचारा, व त्या माणसास स्वतः सोबत करून दवाखान्यात न्या. आणि ज्यांच्या स्वतःच्या खिशात चंची आहे, त्यांनी ती आधी बाहेर काढावी. नाहीतर आमच्याप्रमाणे तुमचेही तोंड बोलण्याच्या वेळी बंद राहील.