नाताळच्या दुपारी घडलेली लेन्स

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या छातीवर इलेक्ट्रोडच्या गोल चकत्या चिकटवतात. त्यांच्या मधोमध थंड, ओलसर जेल असते. धातू आणि त्वचा यांच्यातला दुवा हे जेल सांधते. लांब रेणूंच्या जाळीत पाणी धरून ठेवणाऱ्या, पण पाण्यात न विरघळणाऱ्या अशा पदार्थांना हायड्रोजेल म्हणतात. भिजवलेल्या सब्जाच्या बीभोवतीचा बुळबुळीत थर हे त्याचे घरगुती उदाहरण. शरीरात वापरता यावे म्हणून असे जेल मुद्दाम घडवणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांपैकी एक म्हणजे चेक रसायनतज्ज्ञ ओटो विख्टर्ले.

त्यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९१३ रोजी मोराव्हियातील प्रोस्त्येयोव्ह येथे झाला. वडील शेतीअवजारांच्या कारखान्याचे भागीदार होते. ओटो मात्र रसायनशास्त्राकडे वळले आणि १९३६ मध्ये प्रागमध्ये डॉक्टरेट मिळवली. १९३९ मध्ये नाझींनी चेक विद्यापीठे बंद केली, तेव्हा झ्लिन येथील बाटा कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम पत्करले. तेथे त्यांनी नायलॉनसारखा 'सिलॉन' धागा तयार केला. १९४२ मध्ये गेस्टापोने त्यांना काही महिने तुरुंगातही डांबले.

१९५२ मध्ये रेल्वेच्या डब्यात शेजारचा प्रवासी डोळ्यात बसवायच्या धातूच्या रोपणाविषयी वाचत होता. त्याच्याशी बोलताना विख्टर्ले यांना वाटले, की जिवंत ऊतीत एवढे पाणी असते, तर तिच्या शेजारी राहणाऱ्या वस्तूतही पाणी हवे. सहकारी द्रहोस्लाव लीम यांच्यासह त्यांनी तसे प्लास्टिक बनवले. कोरडे असताना कडक आणि पाण्यात ठेवल्यावर मऊ होणाऱ्या या पदार्थात सुमारे ४० टक्के पाणी मावते. हे काम १९६० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले.

दरम्यान, १९५८ मध्ये राजकीय कारणांसाठी त्यांना शिक्षणसंस्थेतून काढण्यात आले. पुढे विज्ञान अकादमीची नवी संस्था त्यांच्याकडे आली, पण लेन्सचे काम जमेना. साच्यातून काढताना लेन्सच्या कडा फाटत. आरोग्य मंत्रालयाने प्रकल्पच थांबवला. १९६१ च्या नाताळात विख्टर्ले यांनी मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचे सुटे भाग, सायकलचा डायनॅमो आणि घंटीचा ट्रान्सफॉर्मर जोडून घरीच यंत्र उभारले. फिरत्या साच्यात द्रव पसरून घट्ट होई आणि कडा गुळगुळीत राहत. त्या दुपारी चार लेन्स तयार झाल्या. पुढच्या चार महिन्यांत पत्नी लिंडा यांच्या मदतीने त्यांनी सुमारे साडेपाच हजार लेन्स बनवल्या.

सरकारने हक्क अमेरिकी कंपनीला विकले. १९७१ मध्ये अमेरिकेत या लेन्सला मान्यता मिळाली, पण त्या पैशातला अगदी किरकोळ वाटा विख्टर्ले यांच्या हाती आला. १९६८ मध्ये राजकीय सुधारणांची मागणी करणाऱ्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली. त्यापायी त्यांचे संचालकपद गेले. १९८९ च्या सत्तांतरानंतर १९९० मध्ये ते विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. १८ ऑगस्ट १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

आज त्याच तत्त्वाची पुढची पायरी चाचपली जात आहे. जाळीच्या रेणूंत योग्य गट बसवले, की आम्लता, तापमान किंवा ग्लुकोज बदलताच जेल फुगते किंवा आकसते. तो बदल रंगातून अथवा विद्युत संकेतातून मोजता येतो. त्वचेवरच्या पट्टीत किंवा लेन्समध्ये असे संवेदक बसवण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण जेल शरीराला मानवले, म्हणजे त्याने दिलेला आकडा खरा ठरतो असे नाही. अश्रूंतील ग्लुकोज रक्तातील ग्लुकोजशी खात्रीने जुळत नाही. म्हणूनच व्हेरिली कंपनीने २०१८ मध्ये मधुमेहींसाठीच्या लेन्सचा प्रकल्प थांबवला. त्यामुळे अशा उपकरणाची जाहिरात पाहून कुणी इन्सुलिनचा डोस बदलू नये. रक्ततपासणी सोडू नये.

साधी मऊ लेन्स वापरणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावे: पाणी धरणारे हे जाळे पाण्यातले जंतूही सोबत आणू शकते. लेन्स नळाच्या पाण्याने धुऊ नका आणि ती घालून पोहू नका. डोळा लाल झाला, दुखू लागला, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.