मूकपटांचा जमाना संपला होता, तरी ‘माया’ नाव घेतलेल्या या बाईने मूकपट काढले आणि इतिहास घडवला

१९४३ साल. आपल्याकडे बोलपट सुरू होऊन १२ वर्षं झाली होती आणि ‘किस्मत’मधली गाणी लोकांच्या तोंडी बसली होती. हॉलिवूड तर त्याही आधीपासून बोलत होतं.

त्याच वर्षी, हॉलिवूडच्या अगदी दाराशी, लॉस एंजेलिसमधल्या एका घरात नवरा-बायकोने मिळून १४ मिनिटांची फिल्म काढली. तिच्यात एकही संवाद नव्हता. सुरुवातीला पार्श्वसंगीतसुद्धा नव्हतं. स्टुडिओ नाही, स्टार नाही, खर्च अवघा काहीशे डॉलर. आज जगातल्या उत्तम चित्रपटांच्या यादीत ही फिल्म असते.

फिल्मचं नाव ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’, आणि ती बनवणारी माया डेरेन.

नावात ‘माया’ आली कुठून?

तिचं मूळ नाव एलिओनोरा डेरेन्कोव्स्की. जन्म २९ एप्रिल १९१७, कीव्ह शहरातल्या ज्यू कुटुंबात. ज्यूंवर हल्ले होत होते, त्यामुळे १९२२ मध्ये हे कुटुंब अमेरिकेतल्या सिरॅक्यूजला आलं. आडनाव छोटं करून डेरेन झालं. वडील मानसोपचारतज्ज्ञ होते.

तिने स्मिथ कॉलेजमधून इंग्रजी साहित्यात एम. ए. केलं. मग नृत्यदिग्दर्शक कॅथरीन डनहॅम यांची सेक्रेटरी म्हणून ती त्यांच्या नृत्यपथकासोबत फिरली. कविता आणि नाच या दोन गोष्टी इथूनच तिच्या डोक्यात बसल्या. लॉस एंजेलिसला तिची गाठ चेक छायाचित्रकार अलेक्झांडर हॅमिडशी पडली आणि १९४२ मध्ये दोघांनी लग्न केलं.

पुढच्याच वर्षी तिने ‘माया’ हे नाव घेतलं. हा शब्द आपल्याला नवा नाही. माया म्हणजे भास, आणि माया हे गौतम बुद्धांच्या आईचंही नाव. जिच्या फिल्ममध्ये स्वप्न कुठे संपतं आणि जाग कुठे येते हे कळत नाही, तिला याहून चपखल नाव मिळालं नसतं.

फिल्ममध्ये नेमकं आहे काय?

एक बाई दुपारी घरी येते आणि खुर्चीत बसल्या बसल्या झोपी जाते. मग स्वप्न पडतं. काळ्या झग्यातली एक आकृती दिसते, तिच्या चेहऱ्याच्या जागी आरसा. तोंडातून किल्ली निघते, किल्लीचा सुरा होतो. त्याच बाईची दोन-तीन रूपं एकाच टेबलाभोवती बसलेली दिसतात. ती बाई म्हणजे स्वतः माया.

कोणी समजावून सांगत नाही. जे काही आहे ते बघायचं.

वडिलांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या पैशांतून तिने एक जुना १६ एमएम बोलेक्स कॅमेरा घेतला आणि कामाचा धडाका लावला. १९४४ मध्ये ‘ॲट लँड’ आली. १९४५ मध्ये ‘अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा’. या जेमतेम तीन मिनिटांच्या फिल्ममध्ये नर्तक टॅली बीटी जंगलात पाय उचलतो आणि तोच पाय एका खोलीत टेकतो. नाच माणूस करतोय की कॅमेरा, असा प्रश्न पडतो. या दोन्ही फिल्म्स मूकच होत्या.

पण दाखवायच्या कुठे?

थिएटरवाले असल्या फिल्म लावणार नव्हते. मग १८ फेब्रुवारी १९४६ रोजी तिने न्यूयॉर्कमधलं प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस हे नाटकाचं थिएटर भाड्याने घेतलं आणि तिथे आपल्या तीन फिल्म दाखवल्या. हॉल भरला. पुन्हा पुन्हा खेळ लावावे लागले.

एवढ्यावर ती थांबली नाही. डबे घेऊन कॉलेजं, विद्यापीठं, कलासंस्था पालथ्या घातल्या. पत्रकं स्वतः पाठवायची, फिल्म भाड्याने स्वतः द्यायची. फिल्म दाखवायची आणि मग लोकांशी बोलायची. पडद्यावर शांतता, त्यानंतर गप्पा आणि वाद.

हे बघून एमोस व्होगेल नावाचा तरुण पेटला. १९४७ मध्ये त्याने न्यूयॉर्कला ‘सिनेमा १६’ ही फिल्म सोसायटी काढली, जिने अमेरिकेला वेगळा सिनेमा बघायची सवय लावली. त्याच वर्षी ‘मेशेस’ला कान महोत्सवात प्रायोगिक फिल्मचा पुरस्कार मिळाला.

सगळीकडे टाळ्याच मिळाल्या असं नाही. १९५३ मध्ये सिनेमा १६ ने कविता आणि चित्रपट या विषयावर चर्चा ठेवली. मंचावर नाटककार आर्थर मिलर आणि कवी डिलन थॉमस होते, बाई मात्र एकटी माया. तिचा मुद्दा असा होता की गोष्ट पुढे पुढे सरकते, पण कविता एकाच क्षणात खोल उतरते आणि सिनेमालाही ते जमतं. थॉमसने त्याची खिल्ली उडवली, लोक हसले. ती मात्र आपल्या मुद्द्यावर ठाम राहिली. आज सिनेमाच्या वर्गांत तिचा तोच मुद्दा शिकवला जातो.

हैतीचे डबे

१९४६ मध्ये तिला गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. त्या पैशांवर नाचाची फिल्म करायला ती १९४७ मध्ये हैतीला गेली. तिथल्या वूडू पंथात ती इतकी रमली की त्याची दीक्षाच घेतली. पुढे अनेक फेऱ्या झाल्या, भरपूर चित्रीकरण झालं, १९५३ मध्ये पुस्तकही आलं. फिल्म मात्र पूर्ण झाली नाही.

हॅमिडशी घटस्फोट झाला होता. नंतर तिच्या आयुष्यात जपानी संगीतकार तेइजी इतो आला, वयाने जवळपास १८ वर्षांनी लहान. १९५९ मध्ये त्याने ‘मेशेस’ला संगीत दिलं. आज बहुतेक लोक ती फिल्म याच संगीतासह बघतात. १९६० मध्ये दोघांनी लग्न केलं.

पैशांची चणचण मात्र कधीच संपली नाही. १३ ऑक्टोबर १९६१ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. वय फक्त ४४. हैतीचं चित्रीकरण डब्यांत तसंच पडून होतं. ते इतो आणि त्याची पुढची पत्नी शेरेल यांनी जुळवून पूर्ण केलं.

२०२२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ मासिकाने जगभरच्या समीक्षकांना सर्वोत्तम चित्रपट विचारले, तेव्हा ‘मेशेस’ १६ व्या क्रमांकावर होती.

आपल्याकडे मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी पेटी-तबला वाजायचा, कारण तेव्हा फिल्मला आवाज देणं शक्यच नव्हतं. मायाच्या काळात ते शक्य होतं, तरी तिने शांतता निवडली. म्हणूनच आजही कुठे कुठे तिच्या मूक फिल्म लागतात, तेव्हा शेजारी बसून नवे संगीतकार आपापलं संगीत वाजवतात आणि खेळ संपल्यावर लोक बोलत बसतात. तिने स्वतः हॉल भाड्याने घेऊन सुरू केलेलं ते बोलणं अजून चालू आहे.