कै. बाया कर्वे : मुरुडची सून

दापोली तालुक्यातील मुरुड म्हटले की महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे नाव प्रथम ओठावर येते, आणि ते योग्यच आहे. परंतु देवळाच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने ज्यांनी पै-पैसा दिला, चिरे वाहिले, स्वयंपाकाला हात लावला, अशा सर्वांच्या हाती पडणाऱ्या या स्मरणिकेत महर्षींच्या पत्नी कै. आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे स्मरण व्हावे असे आम्हांस वाटते. त्या या तालुक्याच्या सूनबाई. पण सासरी त्यांचे स्वागत कसे झाले, हे आज कितीकांना ठाऊक आहे?

बायांचे माहेर देवरुखचे. वडील बाळकृष्णपंत जोशी. माहेरचे नाव गोदूबाई. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आठव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. नवरा म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच कपाळ पांढरे झाले. पुढे केशवपन, लाल आलवण आणि सासरी राबणे, असे वर्षांमागून वर्षे चालले. कोकणात घरोघरी अशी एखादी तरी सोवळी आत्या किंवा काकू असे. तिच्या हातचा स्वयंपाक सर्वांना चाले, तिचे तोंड मात्र शुभकार्यात नको असे. हे लिहिताना आपल्याच घरातील जुन्या माणसांची आठवण कुणाला झाली तर नवल नाही.

गोदूबाईंचे भाऊ नरहरपंत हे अण्णांचे मित्र. त्यांनी बहिणीला मुंबईस आणले. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तेथे दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी या गोदूबाईच. पुढे सदन पुण्यास गेले. पंडिताबाई ख्रिस्ती, त्यामुळे गावोगाव बोलबाला झाला. पण गोदूबाई आपल्या धर्मातच राहिल्या आणि शिकल्याही.

अण्णांच्या पहिल्या पत्नी राधाबाई 1891 साली वारल्या. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. बाळकृष्णपंतांनी संमती दिली आणि 11 मार्च 1893 रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

त्यानंतर नवे जोडपे मुरुडास आले. गावाने बैठक भरवून अण्णांवर बहिष्कार घातला. घरच्यांनी त्यांना घरात घेतले तर त्यांच्यावरही बहिष्कार पडेल असे ठरले. ज्या माणसाने मुंबईत असतानाच गावाच्या भल्यासाठी मुरुड फंड सुरू केला होता, त्याच्यावर ही वेळ आली. आपल्या वाडवडिलांचे हे वागणे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गावाला धर्म बुडेल अशी भीती वाटली असेल, त्यात सगळेच दुष्ट होते असे नव्हे. पण नवी नवरी म्हणून उंबरठ्यावर माप ओलांडण्याचा मान बायांना मिळाला नाही, हेही तितकेच खरे.

अण्णांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापली व 1900 मध्ये आश्रम पुण्याजवळ हिंगण्यास नेला. येथे तर दैवाचा आणखीच विचित्र फेरा आला. आश्रमाला सनातनी मंडळींची मदत हवी होती; पुनर्विवाहित बाई आश्रमात वावरली तर मुली येणार नाहीत, देणग्या आटतील, म्हणून खुद्द संस्थापकांच्या पत्नीला आश्रमात राहता येईना. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विधवा होत्या. त्या आश्रमात राहिल्या, तेथील कारभार पाहिला आणि पुढे आश्रमाच्या कामासाठी अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. थोरली बहीण मात्र पुण्यात बिऱ्हाड सांभाळीत बसली. बायांना याचे वाईट वाटे व ते त्या बोलून दाखवीत. अण्णांनी आपल्या विम्याची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा मुलाबाळांचे काय, असे त्यांनी विचारले. आम्हांस तर हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. त्यागी पुरुषाच्या घरात चूल कशी पेटते, याचा हिशेब कुणी मांडीत नाही.

बायांनी तो स्वतः मांडला. त्यांनी नागपुरास जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले आणि संसाराला हातभार लावला. सवतीचा मुलगा रघुनाथ, याचा जन्म मुरुडचाच, त्याला आणि शंकर, दिनकर, भास्कर या आपल्या तिघांना त्यांनी वाढविले. रघुनाथरावांनी संततिनियमनासाठी आयुष्य वेचले; शंकरराव डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत मोंबासाला गेले; दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले; भास्कररावांनी हिंगण्याच्या संस्थेतच काम केले. ज्या आश्रमाने सुरुवातीला दूर ठेवले, त्याच्याविषयी बायांनी मनात अढी धरली नाही. त्याच्यासाठी त्यांनीही वर्गण्या गोळा केल्या. दुसऱ्याच्या दारात पावतीपुस्तक घेऊन उभे राहणे किती कठीण, हे आमच्या जीर्णोद्धार समितीच्या मंडळींना वेगळे सांगायला नको!

म्हातारपणी बायांनी आपली हकीगत सांगितली, ती 'माझे पुराण' या नावाने 1944 साली प्रसिद्ध झाली. त्यात मोठेपणाचा आव नाही, आणि यजमानांची भीडही फारशी ठेवलेली नाही. गावातील माताभगिनींनी ते पुस्तक मिळवून अवश्य वाचावे.

1950 साली बाया वारल्या. अण्णांना भारतरत्न मिळाले ते 1958 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी. तो सोहळा पाहायला बाया नव्हत्या.